पंचायतीपर्यंत आलेलं फायबर घरापर्यंत कसं आणायचं

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक लोखंडी पेटी आहे. कित्येक महिने तिच्यातला एकही दिवा लागलेला कुणी पाहिला नव्हता. ती कुणाची, चावी कुणाकडे, हे ग्रामसेवकालाही सांगता येत नव्हतं. त्याच काळात आमचे कास्तकार ई-पीक पाहणीचे फोटो वावरात काढायचे आणि ते चढवायला डांबरी रस्त्यावरच्या पुलापर्यंत चालत यायचे, कारण चार काड्या तिथेच मिळायच्या. रेशन दुकानाचं मशीन, रोजगार हमीची ॲपवरची हजेरी, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, सगळं त्या पुलावर. आणि पुलापासून सातशे मीटरवर, पंचायतीच्या खोलीत, सरकारी पैशातून आलेली ऑप्टिकल फायबर केबल अंधारात पडून होती.

पुढचं सगळं त्या पेटीच्या मागे लागून शिकलो. विदर्भातल्या ज्या गावांत फायबर पंचायतीत पोचलंय पण घरात नाही, आणि ज्या पोडांवर, तांड्यांवर, टोल्यांवर अजून मोबाइललाही रेंज नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी पैशाचं गणित समजून घ्या

अर्ज लिहायच्या आधी हे कळलं पाहिजे, नाहीतर अर्ज चुकीच्या दारात जातो.

टॉवर सीताबर्डीत उभा करा की कोरचीत, लोखंड, बॅटऱ्या, रेडिओ यांचा खर्च फारसा बदलत नाही. बदलतं ते उत्पन्न. नव्वद घरांच्या गावात निम्मे लोक सर्वात स्वस्त रिचार्ज करतात, आणि दिवाळीनंतर कापूस विकेपर्यंत तेही लांबवतात. त्यातून डिझेल आणि बॅटरीचा खर्चसुद्धा निघत नाही. शिवाय कंपनी स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइलच्या लहरी वापरायचा हक्क, घेते तो पूर्ण सर्कलसाठी. मुंबई वगळून सारा महाराष्ट्र आणि गोवा मिळून आपलं एक सर्कल आहे. म्हणजे पुणे, नाशिक आणि भामरागड एकाच हिशेबात. कंपनी आधी कुठे खर्च करणार, हे सांगायला नको.

ही दरी भरण्यासाठी देशाने २००२ साली एक निधी सुरू केला आणि २००३ मध्ये त्याला कायद्याचा आधार दिला. दूरसंचार कंपन्या त्यांच्या समायोजित महसुलाच्या ८ टक्के परवाना शुल्क सरकारला देत आल्या आहेत, त्या आठपैकी पाच टक्के या निधीसाठी असतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी केलं. म्हणजे तुम्ही रिचार्ज करता त्यातला थोडा पैसा खेड्यांच्या जोडणीसाठी बाजूला पडतच आला आहे. म्हणून मागणी करताना कुणापुढे ओशाळायचं कारण नाही.

याच निधीतून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारं भारतनेट उभं राहिलं. ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळं म्हणून त्याला मंजुरी मिळाली, पुढे नाव बदललं. पहिल्या टप्प्यात बऱ्याच ठिकाणी केबल तालुक्याहून एका रेषेत टाकली गेली. एका गावाच्या नाल्याजवळ जेसीबीने केबल तोडली की पुढची सगळी गावं बंद. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम राज्य सरकारने महानेट नावाने हाती घेतलं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात वर्तुळाकार जोडणी आहे, म्हणजे एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने चालू राहावं. दहा वर्षांची देखभाल आहे, आणि ग्रामीण भागात दीड कोटी घरगुती जोडण्यांचं लक्ष्य आहे. ही जबाबदारी बीएसएनएलकडे आहे.

हे तपशील अर्जात लिहा. ‘आमच्या गावात नेट नाही’ या वाक्याला उत्तर देण्याचं बंधन कुणावर पडत नाही. ‘आमची पंचायत भारतनेटच्या कोणत्या टप्प्यात आहे, देखभालीचं कंत्राट कुणाकडे आहे आणि ती शेवटची कधी चालू होती’ या प्रश्नाला मात्र कुणातरी ठरावीक माणसालाच उत्तर द्यावं लागतं.

पहिलं काम: साखळी कुठे तुटली ते शोधा

सर्वात जास्त वेळ इथे द्या. आमचे चार महिने चुकीच्या ठिकाणी गेले. आम्ही टॉवरची मागणी करत होतो आणि दोष निघाला पंचायतीतल्या मेलेल्या बॅटरीत.

सरपंच, ग्रामसेवक आणि संगणक परिचालक, तिघांना सोबत घेऊन पेटी उघडा. आधी वीज येते का ते पाहा. अनेक पंचायतींत थकीत बिलापायी मीटरच काढलेलं असतं, किंवा पेटीची वायर काढून त्या जागी पंखा लावलेला असतो. वीज असेल तर बॅटरी बघा. दोन-तीन उन्हाळे काढलेली बॅटरी विदर्भात फार काळ टिकत नाही.

वीज ठीक असेल तर दिवे वाचा. फायबरच्या छोट्या यंत्रावर ‘पॉन’ आणि ‘लॉस’ असे दोन दिवे असतात. लॉस लाल लुकलुकत असेल तर यंत्रापर्यंत प्रकाशच येत नाही, म्हणजे केबल तुटली आहे किंवा जोड निसटला आहे. पॉन हिरवा स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर गावाची केबल शाबूत आहे, अडचण तालुक्याच्या यंत्रणेत किंवा खात्याच्या नोंदणीत आहे. एकही दिवा नाही, तर वीज किंवा अडॅप्टर. तीन दोष, तीन वेगळे विभाग. दिव्यांचा फोटो तारीख-वेळेसह काढून ठेवा. तक्रारीला हा फोटो जोडला तेव्हापासून आमच्याशी बोलण्याची पद्धतच बदलली.

लाइनमन आला तर त्याला प्रकाशाची पातळी मोजायला सांगा आणि आकडा लिहून घ्या. हा आकडा उणे असतो. उणे २५ पर्यंत ठीक; उणे २७ च्या पलीकडे गेला तर वाटेतला एखादा जोड खराब आहे असं समजा.

मोबाइलसाठी वेगळी पाहणी करा. ट्राय म्हणजे दूरसंचार कंपन्यांसाठी नियम करणारं प्राधिकरण. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या त्याच्या दर्जाविषयक नियमांनुसार प्रत्येक कंपनीला कुठे टूजी, फोरजी, फाइव्हजी मिळतं याचा नकाशा संकेतस्थळावर ठेवावा लागतो. तुमचं गाव त्यात रंगवलेलं दिसलं आणि प्रत्यक्षात रेंज नसेल, तर तो नकाशाच तुमचा पुरावा. ट्रायच्या मायस्पीड ॲपवर सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला, गावाच्या पाच ठिकाणी वेग मोजा. शाळा, पंचायत, आरोग्य उपकेंद्र आणि शेवटची दोन घरं. सात दिवस. जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस वेग लागतो. आमच्या आरोग्य उपकेंद्रात रात्रीचा आकडा त्याच्या खाली होता, आणि तो कागदावर आल्यावरच त्याची दखल घेतली गेली.

दुसरं काम: माहिती अधिकाराचा अर्ज

बीएसएनएल सार्वजनिक प्राधिकरण आहे, त्यामुळे दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर मागता येतं. खासगी कंपन्यांना हा कायदा थेट लागू होत नाही. विचारायचे प्रश्न थोडके आणि नेमके ठेवा: आमची ग्रामपंचायत भारतनेटच्या कोणत्या टप्प्यात जोडली? यंत्र कोणत्या तारखेला चालू झालं? गेल्या बारा महिन्यांत किती दिवस बंद होतं? देखभाल कोण करतं? पंचायतीच्या केबलमध्ये किती धागे वापराविना आहेत? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. घरोघरी जोडणी त्याच धाग्यांवर उभी राहते.

तालुका महानेटमध्ये असेल तर हेच प्रश्न राज्य शासनाच्या माहिती तंत्रज्ञान महामंडळाकडे पाठवा. बीएसएनएलच्या कार्यालयातून ‘आमच्याकडे नाही’ एवढंच उत्तर आलं तर निराश होऊ नका. माहिती अधिकार कायद्यानुसार संबंधित कार्यालयाकडे अर्ज पाठवणं त्यांचं काम आहे.

तिसरं काम: ग्रामसभेचा ठराव, पण नावांच्या यादीसह

सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर, या ग्रामसभांपैकी जी जवळ असेल ती धरा. ठरावाचा मसुदा साधा ठेवा:

‘ग्रामपंचायत कार्यालयातील भारतनेट जोडणी दिनांक … पासून बंद आहे. ती तात्काळ सुरू करावी. गावातील खालील … कुटुंबे मासिक शुल्क भरून घरगुती फायबर जोडणी घेण्यास तयार आहेत. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र व रेशन दुकान यांना प्राधान्याने जोडणी द्यावी. केबल टाकण्यासाठी गावहद्दीत ग्रामपंचायत आवश्यक परवानगी देईल.’

खाली यादी: कुटुंबप्रमुखाचं नाव, घर क्रमांक, महिन्याला किती रुपये देऊ शकतो, सही किंवा अंगठा. ही यादीच खरं वजन आहे. बचत गटाच्या बायांनी आमची यादी दोन संध्याकाळीत पूर्ण केली. त्यांनाच ठाऊक होतं कोणत्या घरात पोरगी बारावीला आहे आणि कोण पैसे भरतो म्हणेल पण भरणार नाही.

परवानगीबद्दलची ओळही तितकीच महत्त्वाची. २०२४ चे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. सार्वजनिक जागेतून केबल नेण्याच्या अर्जावर ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यावा लागतो, नाहीतर परवानगी मिळाली असं धरलं जातं. काही पंचायती केबलवाल्याकडून मनाला येईल ती रक्कम मागतात. त्याचा भार शेवटी गावावरच पडतो, कारण तो माणूस पुढच्या गावाला निघून जातो.

चौथं काम: गावातला चालवणारा माणूस

सरकारी जाळी पंचायतीपर्यंत येऊन थांबतात, कारण घरापर्यंतचा शेवटचा किलोमीटर सांभाळायला तालुक्याहून माणूस येणं परवडत नाही. म्हणून भारतनेटमध्ये उद्यमी ही व्यवस्था आणली आहे. स्थानिक माणूस घरोघरी जोडणी देतो, बिघाड काढतो, आणि मासिक शुल्कातला वाटा घेतो. केबल टीव्ही चालवणारा, सेवा केंद्रवाला, आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन, यातला कुणीही चालतो.

त्याला परवडेल का, याचा हिशेब गावाने स्वतः करावा. मी समजण्यापुरते आकडे घेतो, तुमच्याकडे खरे भाव टाका. समजा शुल्क महिन्याला ४०० रुपये, कर वेगळा, आणि निम्मा वाटा उद्यमीचा. मदतनीसाचे ५,०००, वीज आणि जागेचे १,०००, केबल-जोड-अडॅप्टरचे १,५००, म्हणजे खर्च ७,५००. वीस घरांतून त्याच्या हाती येतात ४,०००, म्हणजे तो दुसऱ्याच महिन्यात फोन उचलणं बंद करणार. अडतीस घरांवर ७,६००, जेमतेम तोंडमिळवणी. पन्नास घरं असतील तर १०,०००, आणि मग तो पावसातही खांबावर चढेल. सुरुवातीचा खर्च यात धरलेला नाही. फायबर जोडायचं मशीन महाग असतं, ते चार-पाच गावांच्या उद्यमींनी मिळून घ्यावं किंवा तासावर भाड्याने आणावं.

म्हणून मी आग्रहाने सांगतो: यादी चाळीसच्या खाली असेल तर शेजारचं गाव जोडून घ्या. तांत्रिक अडचण येत नाही. फायबरचा एकच धागा वाटणी करून साधारण बत्तीस घरांना पुरतो आणि तालुक्याच्या यंत्रापासून वीसेक किलोमीटरपर्यंत चालतो. दोन किलोमीटरवरचं पोड किंवा तांडा अशा एक-दोन धाग्यांत सहज बसतो, आणि ज्यांना सर्वात जास्त गरज आहे ती घरं बाहेर राहत नाहीत.

शेजारचं गाव धरूनही चाळीस घरं जुळतच नसतील तर पीएम-वाणीचा मार्ग बघा. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत किराणा दुकानदार किंवा चहावाला आपल्या जोडणीवरून वायफाय विकू शकतो. त्यासाठी परवाना लागत नाही, शुल्कही नाही, मात्र एखाद्या संयोजक कंपनीमार्फत यावं लागतं. पूर्वी कंपन्या अशा दुकानदाराकडून महागड्या व्यावसायिक जोडणीचे पैसे मागत. जून २०२५ मध्ये ट्रायने घरगुती दराच्या जास्तीत जास्त दुप्पट अशी मर्यादा घातली. एसटी थांब्याजवळच्या दुकानासाठी हे चांगलं आहे. परंतु रात्री अभ्यास करणाऱ्या मुलीला दुकानाच्या पायरीवर बसवायचं नसेल, तर घरापर्यंत केबल हीच खरी सोय.

जंगलातली आणि पुनर्वसनातली गावं

मेळघाट, गडचिरोली, ताडोब्याच्या कडेची गावं. इथे ‘वनजमीन आहे, परवानगी मिळत नाही’ हे उत्तर हमखास येतं. ते पूर्ण खरं नाही. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावाच्या तेरा सोयी दिल्या आहेत. त्यांच्यासाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर देता येते, आणि एका हेक्टरमागे ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. दूरसंचार वाहिन्या त्या तेरांमध्ये आहेत. ग्रामसभेने ठरावात कलमाचा उल्लेख करून उपवनसंरक्षकांकडे प्रस्ताव पाठवावा.

मोबाइल टॉवरसाठी जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांची फोरजी योजना मंजूर झाली. २४,६८० वंचित गावं त्यात होती, आणि आणखी २० टक्के गावं जोडण्याची मुभा होती: पुनर्वसित गावं, नव्या वस्त्या आणि जिथून कंपनीने सेवा काढून घेतली अशी गावं. व्याघ्र प्रकल्पातून बाहेर काढलेल्या गावांना हा आधार नेमका लागू पडतो. जुन्या यादीत त्यांचं नाव जुन्या ठिकाणी असतं, नव्या ठिकाणी ते दिसतच नाहीत. पुनर्वसनाचा आदेश जोडून जिल्हाधिकारी आणि दूरसंचार विभाग, दोघांनाही लिहा.

टॉवरविषयी एक इशारा. ‘तुमच्या वावरात टॉवर बसवतो, महिन्याला मोठं भाडं, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा फोन आला तर ती फसवणूक आहे. ट्राय किंवा दूरसंचार विभाग टॉवरसाठी कुणाकडूनही पैसे घेत नाही, ना-हरकत पत्रही विकत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे थांबवता येण्याची शक्यता असते.

तक्रार कशी चढवत न्यायची

एक गैरसमज सर्वत्र आहे: ट्रायला लिहिलं की ते कारवाई करतात. १९९७ च्या कायद्याने स्थापन झालेलं ट्राय नियम करतं, दर्जा मोजतं, पण एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. दरही बहुतांशी कंपन्याच ठरवतात. म्हणून ‘रिचार्ज महाग झालं’ यावर तुमची शक्ती घालवू नका, ‘पैसे घेऊन सेवा दिली नाही’ यावर घाला.

पहिली पायरी कंपनीचं तक्रार केंद्र, १९८ नंबर. तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका, आणि तो वहीत लिहा. समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. त्यांना ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. पैसे लागत नाहीत. तिथेही काही झालं नाही तर केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाच्या नावे तक्रार करा. माझ्या अनुभवात खालची यंत्रणा सर्वात जास्त हलते ती याच पायरीवर, कारण तिथली प्रत्येक तक्रार वरून मोजली जाते.

शेवटचं दार जिल्हा ग्राहक आयोगाचं. दूरसंचाराचे वाद तिथे चालत नाहीत असं अजूनही काही वकील सांगतात. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात हा प्रश्न निकाली काढला: ग्राहक आयोगाला अधिकार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी बोललात तर बरेचदा तिथेच मिटतं.

भरपाईही मागा. लोक ती मागतच नाहीत. तारेच्या जोडणीतला बिघाड तीन दिवसांपेक्षा जास्त रेंगाळला तर भाड्यात सूट मिळण्याची तरतूद आहे. आणि २०२४ च्या नियमांनुसार जिल्ह्यात २४ तासांहून जास्त काळ मोठा खंड पडला, तर पोस्टपेडला बिलात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ द्यावी लागते. पूर-वादळासारखी आपत्ती त्यातून वगळली आहे. ज्यांना फक्त बोलायचं असतं अशा घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी डेटाशिवायचा, फक्त कॉल आणि एसएमएसचा प्लॅन ठेवणंही ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमानुसार कंपन्यांना बंधनकारक आहे. दुकानदार स्वतःहून सांगत नाही, विचारावा लागतो.

चालू झाल्यावरची कामं

घरात फायबर आलं की पहिल्याच आठवड्यात भारनियमनाशी गाठ पडते. घरातलं यंत्र बारा व्होल्टवर चालतं, त्यासाठी छोटा बॅटरी-बॅकअप बाजारात मिळतो. मोठ्या इन्व्हर्टरची गरज नाही. मृगाच्या विजा कडाडायला लागल्या की अडॅप्टर भिंतीतून काढा. काचेच्या धाग्यातून वीज येत नाही, पण विजेच्या तारेतून येते आणि यंत्र जाळते.

आमच्याकडे केबल सर्वात जास्त तुटते ती एप्रिल-मे महिन्यांत, पांदण रस्ते आणि पाण्याची पाइपलाइन खोदताना. ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप मार्च २०२३ मध्ये सुरू झालं. खोदणाऱ्याने आधी त्यावर सूचना देणं अपेक्षित आहे. जेसीबीवाल्याला हे ठाऊक नसतं, म्हणून पंचायतीने कामाचा आदेश देतानाच ती अट लिहावी. जिथे केबल पुरली आहे तिथे दर पन्नास पावलांवर चुना मारलेला दगड आम्ही ठेवला. तेव्हापासून गावहद्दीत एकदाच तुटली.

पंचायतीच्या पेटीशेजारी आता एक रजिस्टर टांगलेलं असतं. तारीख, बंद झाल्याची वेळ, कोणता दिवा लाल होता, तक्रार क्रमांक, चालू झाल्याची वेळ, लाइनमनची सही, असे सहा रकाने. संगणक परिचालक रोज सकाळी दहाला एक ओळ लिहितो, सगळं सुरळीत असेल तरीही. देखभालीच्या कंत्राटदाराचं बिल निघण्याआधी पंचायतीचा दाखला लागला, तर याच वहीची झेरॉक्स द्यायची, तोंडी काहीच सांगायचं नाही.